तेराव्यानंतरची काळजी

तापीकाठच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात केळीच्या बागा व यंत्रमाग यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. वादळात बाग एका रात्रीत आडवी होते, माग बंद पडतात, तर कधी घरचा कर्ता माणूस अकाली जातो. अशा वेळी कर्ज, पंचनामा व वारसनोंद यांची चर्चा होते. घरातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या मनावर काय आघात झाला, याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या आकडेवारीनुसार 15 ते 29 वयोगटातील मृत्यूंचे आत्महत्या हे तिसरे प्रमुख कारण आहे. डेन्मार्क, स्वीडन व फिनलंड येथील नोंदींवर आधारित, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वयाच्या 18 वर्षांपूर्वी आई किंवा वडील गमावलेल्यांमध्ये हा धोका सुमारे दुप्पट आढळला व तो किमान 25 वर्षे टिकला. तथापि, अशी बहुसंख्य मुले सावरतात. आघाताला एकटेपणा, अपराधी भावना व तुटलेले शिक्षण यांची जोड मिळाली म्हणजे धोका वाढतो; आणि या गोष्टी टाळणे समाजाच्या हाती आहे.

दुःखाच्या घरी गाव धावून येते. परंतु तेरावा किंवा चाळिसावा झाला की वर्दळ थांबते. खरी काळजी तेथून पुढे घ्यावयाची असते.

अबोल झालेला, शाळा चुकविणारा, स्वतःला घरावरचे ओझे समजणारा विद्यार्थी शिक्षकांनी ओळखावा व त्याच्याशी एकांतात आस्थेने बोलावे. जीव देण्याचा विचार येतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट मन मोकळे होते. घरच्यांनी त्याला एकटे सोडू नये व कीटकनाशके कुलुपात ठेवावीत. पंचनाम्यास आलेल्या पटवाऱ्याने व आशा कार्यकर्तीने मुलांचीही चौकशी करावी. वर्षश्राद्ध व परीक्षेचा निकाल हे दिवस विशेष जपावेत. नापास होणे हा शेवट नव्हे. मध्य प्रदेश माध्यमिक शिक्षण मंडळाने 2025 पासून दहावी-बारावीसाठी दुसऱ्या परीक्षेची सोय केली आहे.

प्रयत्न घडलाच, तर पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 अन्वये अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते व तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लिहिलेले असावेत.