पी हळद आणि हो गोरी!

बालरोगतज्ज्ञाने त्वचेच्या सौंदर्योपचारांवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही वाटले असते. परंतु लसीकरणाच्या वेळापत्रकाइतक्याच सहजतेने आता पालक आणखी एका सुईविषयी विचारू लागले आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

एका हिवाळ्यात पैनगंगेकाठच्या गावातील एक माउली आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. ही मुलगी अगदी तान्ही असल्यापासून माझ्याकडेच येते. "डॉक्टरसाहेब, हिच्या तोंडावर तेजच राहिलं नाही. माघात मोठीचं लग्न आहे. तोवर हिला इंजेक्शनं देऊन आणावी म्हणते. कोणतं चांगलं, तेवढं तुम्ही सांगा." शहरातील एका सौंदर्यकेंद्राने सहा इंजेक्शनांचा कोर्स सांगितला होता आणि त्यासाठी कापसाच्या पैशांतून रक्कम बाजूला काढूनही ठेवली होती. मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. मुलीला तपासले, रक्त तपासणीला पाठवले आणि आठवड्याने या म्हणालो. त्या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ मित्रांशी बोलून आणि वाचन करून जे समजले, ते येथे मांडतो.

प्रथम शब्दांचा घोळ सोडवू. 'तेज', 'पोत' आणि 'रंग' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पोत म्हणजे त्वचेतील ओलावा, लवचीकता आणि नितळपणा. तो मुख्यतः अंतस्त्वचेतील कोलॅजेन, इलास्टिन व हायलुरॉनिक आम्ल यांवर अवलंबून असतो. रंग मेलॅनिनवर अवलंबून असतो आणि तो दोष नव्हे. तेज मात्र बरेचदा रक्तातून येते. या तिन्हींची सरमिसळ झाली की सुई नको तेथे टोचली जाते.

पोत सुधारण्यासाठी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांत सर्वांत परिचित आहे ते हायलुरॉनिक आम्ल. कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ साली गायीच्या डोळ्यातील द्रवातून ते वेगळे केले. पाणी धरून ठेवणे हा त्याचा गुणधर्म. पातळ स्वरूपात ते अंतस्त्वचेत थेंबाथेंबाने सोडले तर ओलावा व मऊपणा वाढतो. घट्ट स्वरूपात भराव म्हणून वापरले तर त्यास फिलर म्हणतात. परिणाम काही महिने टिकतो. चुकून रक्तवाहिनीत गेल्यास त्वचा मृत होऊ शकते, क्वचित दृष्टीही जाते. हायलुरॉनिडेझ हे विकर त्याला विरघळवू शकते. म्हणून ते हाताशी नसेल तेथे हे इंजेक्शन देऊ नये.

दुसरा उपचार म्हणजे रुग्णाच्याच रक्तातील बिंबाणुयुक्त रक्तद्रव, अर्थात पीआरपी. रक्त काढून यंत्रात फिरवतात आणि बिंबाणूंचा भाग त्वचेत सोडतात. स्वतःचेच रक्त असल्याने ॲलर्जीची भीती फारशी नाही. परंतु तयार करण्याची एकच मान्य पद्धत नसल्याने निष्कर्ष एकसारखे येत नाहीत.

तिसरा, मासळीच्या शुक्रपेशींतील डीएनएपासून काढलेली पॉलिन्यूक्लिओटाइड्स. त्वचेच्या दुरुस्तीला ती चालना देतात, असे कोरिया व इटलीतील अभ्यास सुचवतात. मात्र हे अभ्यास बहुधा छोटे आहेत. मासळीची ॲलर्जी असणाऱ्याने आधी सांगावे.

चौथे बोट्युलिनम विष. ते आम्हा बालरोगतज्ज्ञांना नवखे नाही. मेंदूच्या पक्षाघाताने ताठरलेल्या मुलांच्या स्नायूंसाठी ते वापरतात. अमेरिकेत १९८९ साली तिरळेपणा व पापण्यांच्या आकुंचनावर त्याला मान्यता मिळाली आणि २००२ साली भुवयांमधील आठ्यांसाठी. अत्यल्प मात्रेत त्वचेत दिल्यास घाम व तेलकटपणा कमी होऊन रंध्रे बारीक दिसतात. पण तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो.

पाचवी मेसोथेरपी. फ्रान्समधील मिशेल पिस्तोर यांनी १९५२ साली ती सुरू केली, तेव्हा तिचा हेतू सौंदर्याचा नव्हता. आज तिच्या नावाखाली जीवनसत्त्वे आणि इतर द्रव्यांची नाना मिश्रणे टोचली जातात. मिश्रणात काय आहे हेच निश्चित नसेल, तर गुण कशाचा आणि अपाय कशाचा हे कसे ठरवणार? या टोचण्यांनंतर क्षयाच्या जंतूंच्या नात्यातील जिवाणूंनी महिनोन्महिने चिघळणाऱ्या गाठी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

थोडक्यात, प्रौढ व्यक्तीस, योग्य कारणासाठी, प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञाच्या किंवा प्लास्टिक सर्जनच्या हातून यांतील पहिल्या चारांचा मर्यादित व तात्पुरता उपयोग होऊ शकतो. पाचव्याविषयी मी तसे म्हणणार नाही.

आता त्या माउलीला सुचवलेले इंजेक्शन. ते या पाचांपैकी नव्हतेच. ते होते ग्लुटाथायोन, शिरेतून सलाईनसोबत द्यावयाचे 'गोरेपणाचे' इंजेक्शन. ते त्वचेत नव्हे तर सर्व शरीरात जाते. ग्लुटाथायोन आपल्या पेशी स्वतःच तयार करतात. शिरेतून दिल्याने त्वचा टिकाऊपणे उजळते, असा भरवशाचा पुरावा नाही. उलट तीव्र ॲलर्जी, त्वचेवरील गंभीर प्रतिक्रिया आणि यकृत-मूत्रपिंडांना इजा यांची भीती आहे. फिलिपाइन्सच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये या वापराविरुद्ध जाहीर इशारा दिला. अमेरिकेच्या प्रशासनाने तर त्वचा उजळण्यासाठी एकाही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही.

औषधाइतकीच सुईही महत्त्वाची. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका सौंदर्यकेंद्रात रक्तद्रवाचा चेहऱ्यावरील उपचार घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचा अहवाल तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या देशात तपासणीची यंत्रणा एवढी जागरूक, तेथे हे घडले. मग आपल्याकडील बंद दारांआडच्या खुर्चीविषयी काय बोलावे?

मुलांच्या बाबतीत तर मुळीच संदिग्धता नसावी. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील व्यक्तीस सौंदर्यासाठी बोट्युलिनम विष किंवा फिलर देणे हा गुन्हा आहे. पालकांची संमती असली तरीही. वाढत्या वयातील चेहरा घडत असतो. त्याला दुरुस्तीची नव्हे, पोषणाची आणि वेळेची गरज असते.

आठवड्याने माउली परतली तेव्हा अहवाल माझ्या टेबलावर होता. हिमोग्लोबिन सातच्या आसपास. पापणीचा आतला भाग पांढुरका, नखे सपाट, जिना चढताना धाप. वर्षभर पाळीत अतिरक्तस्राव होत होता, पण मुलगी संकोचाने कुणाला बोलली नव्हती. आईने ओळखलेले खरे होते, तेज गेले होते. मात्र ते त्वचेतून नव्हे, रक्तातून गेले होते. सहा सलाईनी लागल्या असत्या, पैसे गेले असते आणि पांडुरोग तसाच राहिला असता. उजळपणाच्या कौतुकात फिकेपणा कोणाला दिसला असता?

लोहाच्या गोळ्या, जंताचे औषध, आहारात पालेभाजी-डाळीसोबत लिंबू, स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला आणि आदिलाबादच्या कोरड्या थंडीसाठी आंघोळीनंतर लगेच खोबरेल तेल, एवढाच उपचार. माघातील लग्नापर्यंत चेहरा पुरता फुलला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. उन्हाळ्यात मात्र ती एकटीच जिना चढून वर आली, आणि धाप न लागता बोलली.

समव्यवसायी बंधुभगिनींना माझी विनंती एवढीच, की कोणी सौंदर्याची सुई विचारल्यास तीन प्रश्न आधी विचारावेत. कुपीत नेमके काय आहे? ते त्वचेत जाणार की शिरेत? आणि काही बिघडल्यास तेथे कोण उभे असेल? पालकांनीही हेच प्रश्न विचारावेत. आणि चौथा प्रश्न आपण स्वतःला विचारावा: मुलीची पापणी खाली ओढून आपण पाहिली का?

'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उतावळ्यांची थट्टा करण्यासाठी योजली. हळद निदान निरुपद्रवी होती. सुईचे तसे नाही.