पहिल्या पाळीची बोटं

पोरी, रिपोर्ट आल्यापासून तू गप्प आहेस. तारापूर एमआयडीसीतली नोकरी जाईल म्हणून कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंयस, हे तुझ्या आईकडून कळलं. पॅकिंगच्या लाइनीवर माझं आयुष्य गेलं, तेही याच आमवाताच्या बोटांनी. म्हणून आत्या सांगते ते ऐक. लपवू नकोस.

या दुखण्याचं वाईट हे की ते चार माणसांना दिसत नाही. सकाळी तुझी मूठ वळत नाही, बाटलीचं झाकण फिरत नाही; तास-दोन तासांनी बोटं सुटतात आणि दुपारी तू धडधाकट दिसतेस. सुपरवायझर बघतो ती दुपारची तू. त्याच्याशी वाद घालू नकोस. सुजलेल्या हातांचे फोटो काढून ठेव, मूठ किती वाजता वळली ते वहीत लिही. डॉक्टरलाही औषध ठरवताना तीच वही उपयोगी पडते.

मागताना मोघम मागायचं नाही. ‘मला झेपत नाही, काहीतरी बघा’ म्हटलंस की ‘मग घरी बस’ हेच ऐकायला मिळेल. नेमकं माग. पहिल्या पाळीऐवजी दुसरी. दिवसभर उभं राहण्याऐवजी उंच स्टूल. खोकी उचलण्याऐवजी तपासणीचं टेबल. एसीचा झोत थेट हातांवर येणार नाही अशी जागा. डॉक्टरच्या चिठ्ठीतही नुसतं ‘हलकं काम द्यावं’ नको. काय जमतं, काय नाही, किती महिने, हे लिहून घे. चिठ्ठी एचआरला दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. तोंडी कबूल केलेलं सुपरवायझर बदलला की संपतं.

कटरची मूठ बारीक असेल तर जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळून जाड कर. बारीक मूठ धरायला बोटं जास्त आवळावी लागतात. चिंचणीकडे छिन्नी धरून डाय (साचे) कोरणाऱ्यांनाही मी हेच सांगते. त्यांना तर एचआरही नाही आणि ईएसआयचा विमाही नाही. गाडीत बोटांनी कडीला लटकू नकोस, खांबाला कोपराचा विळखा घाल. पिशवी दोन्ही खांद्यांवर.

आता औषधाचं, आणि इथे माझं ऐकलं नाहीस तर मी रागावेन. पाळी निभवायला मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून रोज खाऊ नकोस. दुखणं दबतं, सांधा आतून झिजतच राहतो, वर पोट आणि मूत्रपिंड बिघडतं. कुणी ‘तीन दिवसांत गुण’ म्हणून बिनलेबलची पुडी दिली तर शिवूही नकोस. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून ठरलेला वार कॅलेंडरवर ठळक लिही. रक्ततपासणी चुकवायची नाही. लग्न ठरतंय, तेव्हा मुलाचा विचार करण्याआधी डॉक्टरशी बोल. गरोदरपणात ती गोळी चालत नाही. आणि नुसता हाडांचा डॉक्टर पुरत नाही, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टच गाठ. जवळपास मिळाला नाही तर दादरला उतरून परळच्या केईएमला जा. सुरुवातीच्या महिन्यांत औषध लागू पडलं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचू शकतात.

पगाराची चिठ्ठी काढून बघ. ईएसआयचे पाऊण टक्के कापले जातात का? जात असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत साधारण 70 टक्के पगार मिळू शकतो, पण त्याआधीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. तू ठेकेदाराकडून लागलीयेस. तो पैसे कापतो आणि भरत नाही, असंही होतं. म्हणून विमा क्रमांक स्वतःच्या मोबाइलवर तपास आणि खाडे मांडताना दवाखान्याचं सर्टिफिकेट त्याच आठवड्यात जमा कर. येत्या सोमवारी दुपारी मी तुझ्यासोबत दवाखान्यात येते, कागद घेऊन ये.