बारावीच्या आधी एक पीक वाढवा

दहावीचा निकाल लागला की घराघरांत तोच हिशोब सुरू होतो. बायोलॉजी घेतली तर नीट, गणित घेतलं तर जेईई. कृषी किंवा वनस्पतिशास्त्राचं नाव निघतं ते थेट बारावीनंतर, नीटचे गुण हाती पडल्यावर, आणि तेही पडेल आवाजात. हा क्रम मला साफ चुकीचा वाटतो. ज्या मुलानं आयुष्यात एक रोप रोज पाहून त्याची नोंद ठेवलेली नाही, त्याला हे काम रुचेल की नाही हे ना त्याला ठाऊक असतं, ना आईवडिलांना. ते कळण्याची वेळ सातवी ते नववीची आहे. तेव्हा मार्कांचं ओझंही कमी असतं.

सोलापूरच्या मुलांना त्यासाठी लांब जायला नको. नवरात्रात आपल्याकडे घटाभोवती काळ्या मातीत धान्य पेरतात. ती रोपं नऊ दिवसांत उंच वाढतात, पण पिवळी आणि लुकडी राहतात. का? मुलाला उत्तर सांगू नका. दोन वाट्यांत तीच माती, तेच धान्य आणि तेवढंच पाणी घालायला सांगा. एक वाटी खिडकीत ठेवा, दुसरी खोक्याखाली. रोज संध्याकाळी पट्टीनं उंची मोजून ती वहीत लिहायची. अंधारातलं रोप उजेड शोधत नुसतं ताणत जातं आणि हरितद्रव्याविना पिवळं राहतं, हे त्याला स्वतःच्या आकड्यांतून दिसेल.

रब्बी ज्वारीची पेरणीही याच सुमाराला होते. बियाण्यातले शंभर दाणे मोजून, दहा-दहाच्या दहा ओळींत ओल्या गोणपाटावर मांडायचे, गुंडाळी करायची आणि ती ओली ठेवायची. चौथ्या दिवशी पहिली मोजणी, दहाव्या दिवशी शेवटची. प्रमाणित ज्वारी बियाण्याची उगवणक्षमता किमान 75 टक्के असावी लागते. घरचं बियाणं त्यात बसतं का? बीज परीक्षण प्रयोगशाळेतही मुळात हीच मोजणी होते. दाणे मोजताना जे मूल कंटाळत नाही, आणि कोंब आलेला पण मूळ कुजलेला दाणा कुठे धरायचा असं विचारतं, त्याच्याकडे नीट लक्ष द्या.

पुढची पायरी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाची. पानावर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर लावायचा, वाळल्यावर सेलोटेपनं अलगद उचलायचा आणि काचपट्टीवर चिकटवायचा. पानाची पर्णरंध्रं त्यावर उमटतात. ज्वारीच्या रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या पेशी डंबेलसारख्या दिसतात, घेवड्याच्या मूत्रपिंडासारख्या. वर्षाला सुमारे 550 मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात पीक पाणी कसं राखतं, हा प्रश्न इथूनच सुरू होतो. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या मुलांनी डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोगही असाच पाहावा. तेलकट डागाच्या कडेचा बारीक तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवला की कापलेल्या कडेतून जिवाणूंचा धुरकट झोत बाहेर येताना दिसतो. रोग ओळखण्याची ही साधी पद्धत वनस्पती रोगशास्त्रातही वापरतात. हात मात्र साबणानं धुवा आणि तो तुकडा बागेत टाकू नका.

या कामाची मोठी माणसं आपल्या शेजारीच आहेत. सोलापूरजवळ केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त असलेला ‘सोलापूर लाल’ हा संकरित वाण तिथेच तयार झाला. सोलापुरात कोरडवाहू शेतीवरचं संशोधन 1933 पासून चालू आहे. मालदांडीचा एम 35-1 हा वाण मोहोळला निवड पद्धतीनं काढला गेला आणि आजही त्याची भाकरी आपण खातो. मुख्याध्यापकांचं पत्र देऊन अशा ठिकाणी भेटीची परवानगी मागा.

आता पालकांचा खरा प्रश्न: यातून पोट भरेल का? बीएस्सी कृषी चार वर्षांची. बारावी विज्ञाननंतर एमएचटी-सीईटीतून प्रवेश मिळतो आणि पीसीएम, पीसीबी दोन्ही गट चालतात. पुढे पीक पैदासशास्त्र, रोगशास्त्र किंवा बियाणे तंत्रज्ञानात एमएस्सी करता येते. तिथून कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाच्या परीक्षा, एमपीएससीची कृषी सेवा, जालन्याच्या बियाणे कंपन्या, जळगावच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, रोपवाटिका असे रस्ते फुटतात. निव्वळ वनस्पतिशास्त्रात बीएस्सी करूनही संशोधनाकडे जाता येतं. पण स्पष्ट सांगतो, सरकारी जागा मोजक्या आहेत आणि नुसत्या पदवीला फारशी किंमत नाही. ज्याला शेतात उभं राहून निरीक्षण करता येतं आणि प्रयोगाची नोंद चोख ठेवता येते, त्याला काम मिळतं.

सहावी आणि नववीच्या मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते, त्यात प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही असतो. भाग जरूर घ्या. मात्र आईनं रात्री जागून रंगवलेल्या तक्त्यांचा प्रकल्प मुलाला काहीच शिकवत नाही. उगवण 60 टक्केच आली तर 60 च लिहू द्या.

पालकांना माझी एकच विनंती आहे. अकरावीचा अर्ज भरण्याआधी एका संध्याकाळी मुलाची ती नोंदवही त्याच्या शेजारी बसून वाचा आणि त्याला बोलू द्या.