साखळी-करवतीचा क्लच

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे. १९८२ सालापर्यंत हा एकच जिल्हा होता. आलापल्लीचे सागवान दूरवर नावाजलेले. पूर्वी झाड कापायला दोन गडी आरी ओढीत. आता साखळीची करवत आली. लोक तिला चेनसॉ किंवा नुसते मशीन म्हणतात.

जुन्या मशीनमध्ये एक दोष येतो. रेस सोडली तरी साखळी फिरतच राहते. हा दोष फार वाईट. मशीन हातात असते, वेलीत पाय अडकतो आणि फिरती साखळी मांडीवर येते. म्हणून आज आपण क्लचची माहिती घेऊ.

क्लच कसा चालतो?

जत्रेतला झोक्यांचा गोल पाळणा आपण पाहिला आहे. तो हळू फिरला तर झोके सरळ लोंबतात. जोरात फिरला की बाहेर फेकले जातात. क्लचचेही तसेच. त्यात लोखंडी तुकडे असतात. त्यांना शू म्हणतात. इंजिन जोरात फिरले की शू बाहेर सरकून ड्रमला भिडतात. ड्रम फिरतो, साखळी फिरते. रेस सोडली की स्प्रिंगा शूंना आत ओढतात. साखळी थांबते. स्प्रिंग तुटली तर शू आत येत नाहीत.

साखळी थांबत नसेल तर आधी मंद चालीचा स्क्रू फिरवून इंजिनाची चाल कमी करावी. तरीही थांबली नाही, तर क्लच उघडावा.

क्लच काढणे

१. मशीन बंद करून गार होऊ द्यावे. प्लगची वायर काढावी.

२. साखळीला ब्रेक असेल तर तो सोडावा. मग झाकण, साखळी व पट्टी काढावी. हातात मोजे घालावे.

३. प्लग काढावा. स्टार्टरची दोरी हळू ओढावी. पिस्टन वर येऊ लागला आणि धुराचे भोक झाकले गेले, की प्लगच्या भोकातून स्वच्छ, मऊ दोरी आत भरावी. दोरीचे टोक बाहेर ठेवावे. आता पिस्टन अडतो आणि इंजिन फिरत नाही.

४. आता नीट लक्ष द्या, बरं का! क्लचचे आटे बहुधा उलटे असतात. घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने तो सुटतो. त्यावर बाणाची खूण असेल तर ती पाहावी. योग्य पाना लावावा. छिन्नी-हातोड्याने ठोकू नये. शू फुटतो, दांडा वाकतो.

काही मशीनमध्ये ड्रम बाहेरच्या बाजूला असतो. तिथे आधी ड्रम काढावा लागतो.

पाहणी व बसवणे

स्प्रिंगा ताणल्या आहेत का? शू झिजले आहेत का? ड्रम निळा पडला असेल तर तो फार तापला होता असे समजावे. एकच स्प्रिंग तुटली असली तरी सगळ्या बदलाव्या. जुना तुकडा दुकानात नेऊन नवा त्याच्याशी जुळवून घ्यावा. ड्रमचे बेअरिंग पुसून थोडे ग्रीस लावावे.

बसवताना दोरी पुन्हा भरावी आणि क्लच उलट दिशेने घट्ट करावा. मग दोरी न विसरता काढावी. नाही तर इंजिन फिरणार नाही.

शेवटची परीक्षा

मशीन जमिनीवर ठेवून सुरू करावे. मंद चालीत साखळी स्थिर राहिली तरच मशीन जंगलात न्यावे. हललीच तर पुन्हा उघडून पाहावे. एका दिवसाची मजुरी बुडाली तर भरून काढता येते. पाय गेला तर परत येत नाही.

प्रश्न

१. रेस सोडल्यावर साखळी का थांबते?
२. दोरी कशासाठी भरतात?
३. क्लच कोणत्या दिशेने सुटतो?