मागचं चाक धरतंय? आधी हे तपासा

मंडळी, परवा मासळी घेऊन फ्रीगंजात येताना आपल्या पिकअपच्या मागच्या चाकातून धूर निघाला. गाडी थांबली, बर्फ निम्मा वितळला.

पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडा. मागची बाजू उचलून घोडी लावा, नुसत्या जॅकवर नको. चाक हाताने फिरवा. अडलं तर हँडब्रेकची केबल ढिली करा. सुटलं, तर केबल गंजलीय (बर्फाचं पाणी तिच्यावरच गळतं ना!). नाहीतर ब्रेकचा निपल जरासा उघडा. आता सुटलं तर दाब वर अडकलाय, बहुधा होस आतून फुगलाय. तरी अडलंच तर डिस्कवाल्या गाडीत कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना जाम, ड्रमवाल्यात सिलिंडर. पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावा, साध्याने रबर फुगतं.

निपल उघडला असेल तर हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.