पोकळीची रचना : गारगोटीपासून धातु-सेंद्रिय जालकापर्यंत

पुणे, नाशिक व जळगाव जिल्ह्यांत काळा पाषाण फोडताना त्याच्या पोटातील पोकळ्यांत पांढरे वा फिकट गुलाबी स्फटिक आढळतात. सामान्य बोलीत त्यांस गारगोटी म्हणतात. सिन्नर येथील ह्याच नावाच्या संग्रहालयात त्यांचे उत्तम नमुने आहेत. त्यांतील स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट इत्यादी खनिजे ‘झिओलाइट’ ह्या गटात मोडतात. १७५६ मध्ये स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोन्स्टेट ह्यांना असे खनिज तापविले असता ते उकळल्यासारखे फसफसताना दिसले. म्हणून त्यांनी ‘उकळणारा दगड’ ह्या अर्थाचे ग्रीक नाव योजले.

ह्या फसफसण्याचे कारण रचनेत आहे. सिलिकॉन व ॲल्युमिनियम ह्यांचा प्रत्येक अणू चार ऑक्सिजन अणूंनी वेढलेला असून त्यांचा त्रिमितीय सांगाडा बनतो. सांगाड्यातील पोकळ्यांत पाणी असते. उष्णतेने ते निघून जाते; सांगाडा मात्र टिकतो, आणि रिकाम्या जागेत दुसरे रेणू शिरू शकतात. अशा रचनेस मुक्त जालक म्हणता येईल.

निसर्गाची ही रचना निराळ्या घटकांतून, हव्या त्या मापाची उभारता येईल काय? १९८९ मध्ये रिचर्ड रॉब्सन ह्यांनी तांब्याचे आयन व चार भुजांचा सेंद्रिय रेणू ह्यांपासून हिऱ्यासारखे, परंतु पोकळ जालक रचले. ते नाजूक होते. १९९७ मध्ये सुसुमु कितागावा ह्यांनी वायू आत-बाहेर करू शकणारी जालके दाखविली. १९९९ मध्ये ओमर याघी ह्यांनी जस्त-ऑक्सिजनचे पुंज टेरेफ्थॅलिक अम्लाने जोडून ‘मॉफ-५’ तयार केले. त्याच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ सुमारे २,९०० चौरस मीटर भरले, व ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवूनही ते रिकामेच उभे राहिले. ह्या तिघांस २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

संश्लेषणाची रीत वरकरणी सोपी आहे. धातूचा क्षार व सेंद्रिय जोडघटक योग्य द्रावकात विरघळवून बंद पात्रात तापवितात. स्फटिक तयार झाले की क्ष-किरण विवर्तनाने त्यांतील अणूंची स्थाने निश्चित करतात. परंतु स्फटिक सुबक होण्यास एक अट असते : बंध जुळावे, चुकल्यास तुटावे व पुन्हा योग्य जागी जुळावे. बंध एकदाच आणि कायमचे जुळले तर चुका तशाच राहतात व आकारहीन साका हाती येतो.

खरी अडचण येथेच आहे. जो बंध सहज सुटतो तो पाण्यानेही सुटतो. मॉफ-५ दमट हवेत मोडते. सुव्यवस्था व टिकाऊपणा एकमेकांच्या आड येतात.

ह्यातून दोन वाटा निघाल्या. पहिली झिओलाइटचेच अनुकरण करणारी. धातू-इमिडाझोल-धातू हा कोन सुमारे १४५ अंशांचा, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन ह्या कोनाइतकाच असतो. ह्या साम्याच्या आधारे याघी ह्यांच्या प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी व सहकाऱ्यांनी ९,६०० सूक्ष्म प्रयोगांतून २५ जालके मिळविली व २००८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील एका जालकाचा एक लिटर शून्य अंश तापमानास साध्या दाबाखाली ८३ लिटर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो.

दुसरी वाट पुण्यात निघाली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बॅनर्जी ह्यांच्या गटाने २०१२ मध्ये धातू वगळून केवळ सेंद्रिय घटकांचे जालक रचले. पहिली पायरी उलटणारी, म्हणून स्फटिक सुबक; दुसऱ्या पायरीत अणूंची अंतर्गत फेररचना होते, ती उलटत नाही, म्हणून बंध पक्का. हे जालक उकळत्या पाण्यात व तीव्र अम्लातही टिकले.

टिकाऊपणाचा हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नव्हे. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरील फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित अधिकरणाचे मुख्य पीठ बसते व प्रदूषणाची प्रकरणे ऐकते. कारखान्याच्या धुरांड्यातून निघणारा वायू कधीही कोरडा नसतो. कार्बन डायऑक्साइडसोबत वाफही असते. कोरड्या नळीतील शोषणाचे आकडे कितीही मोठे असले, तरी वाफेत मोडणारे जालक तेथे निरुपयोगी होय. म्हणून नव्या जालकाची पारख करताना पोकळी किती मोठी आहे हे पाहावे, तसेच ओलाव्यात ती किती काळ उभी राहते हेही पाहावे. दख्खनच्या झिओलाइटने ही दुसरी कसोटी फार पूर्वीच पार केली आहे : ते पाण्यातच घडले आहे.