'पाहा' असं लिहिलेली कार्डं

पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो. शेवटची पंधरा वर्षं पुस्तकांपेक्षा ठेकेदारांच्या सहवासात जास्त गेली. त्यातून शिकलो ते असं.

१. नोंदीमागे दर ठरला की नोंदीच मिळतात, तालिका मिळत नाही. जुनी कार्डं संगणकात भरायला बाहेरची मुलं आली. कामसू होती. महिन्याभरात लाकडी खण रिकामे! पुढे एका विद्यार्थिनीने खानोलकरांचं सगळं लेखन मागितलं. 'कोंडुरा' ही कादंबरी निघाली, 'जोगवा' हा कवितासंग्रह नाही. 'जोगवा' आरती प्रभूंच्या नावावर होता आणि चिं. त्र्यं. खानोलकर म्हणजेच आरती प्रभू, हे संगणकाला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या खणात एका नावावरून दुसऱ्या नावाकडे धाडणारं, 'पाहा' असं लिहिलेलं कार्ड होतं. पण त्यावर दाखल क्रमांक नसतो. क्रमांक नाही म्हणजे पुस्तक नाही, पुस्तक नाही म्हणजे पैसे नाहीत. मुलांनी अशी सगळी कार्डं बाजूला ठेवली, आणि ती रद्दीत गेली. रद्दीच्या पावतीवर सही माझीच होती.

२. दुसऱ्या ग्रंथालयाकडून घेतलेली आयती नोंद आपल्या वाचकासाठी केलेली नसते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं जमवतं. त्यांच्या नोंदी चोख असतात, पण आम्हाला मिळाल्या त्या रोमन लिपीत, 'ळ'च्या पायाशी टिंब देऊन. आमचा विद्यार्थी देवनागरीत शोधतो आणि हात हलवत परत जातो.

३. करारात एक ओळ हवी: काम संपल्यावर आमचा सगळा डेटा मार्क २१ या ग्रंथालयीन नोंदींच्या प्रमाण स्वरूपात आम्हाला मिळेल. आमच्या करारात ती नव्हती. सॉफ्टवेअर बदलताना पुरवठादाराने पीडीएफ पाठवली. चाळीस हजार पुस्तकांची पीडीएफ! छापून बाइंडिंग करावी, की देव्हाऱ्यात ठेवावी?

४. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते सांभाळणारा माणूस नाही.

५. ग्रंथालयांनी आपसांत वाटून घेणं पुण्याला नवं नाही. १९९२मध्ये विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि संगणक-संशोधन संस्था सी-डॅक यांनी मिळून पुणेनेट हे ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. आता आम्ही देशभरच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे बघतो, आणि बघावंच. त्यांच्या एन-लिस्ट योजनेतली नियतकालिकं एकट्या महाविद्यालयाला कुठली परवडायला? पण मराठी पुस्तकाची खरी ओळख पटवायला गांधीनगरहून कोण येणार? शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, तेव्हा संगणक नव्हता. टोपणनावांचा घोळ मात्र तेव्हाही होताच.

माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे. परवा तिचा फोन आला, "सर, कवी अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडेच ना? ठेकेदाराच्या यादीत दोन वेगळे दिसतायत."


म्हटलं, "एकच. थांब, अजून कोण कोण आहेत ते सांगतो. कागद घे."